सँट्रो झिंग २००६, सीएनजी: सेल्फ फिरतो, पण टाकीतली मोटर गप्प

खाडीकाठ (कोपरखैरणे) · शनिवार, सकाळी ९.१०

गाडी सँट्रो झिंग, २००६, पेट्रोल. सिक्वेन्शियल सीएनजी किट नंतर बाहेरून बसवलेलं. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन मात्र पकडत नाही. चावी ऑनला फिरवली की मागच्या सीटखालून दीड-दोन सेकंद पेट्रोल पंपाच्या मोटरचा बारीक घुंईऽऽ असा आवाज यायचा, तो बंद आहे. चेक इंजिनचा दिवा ऑनला लागतो. पेट्रोलचा काटा रिझर्व्हच्या जरासा वर. बॅटरी १२.४ व्होल्ट. हाताशी मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प आणि नेहमीचे पाने. मेकॅनिकने गाडी न बघताच 'मोटर गेली' असा निकाल दिलाय. पंप मागवण्याआधी काय तपासू आणि कोणत्या क्रमाने?

ओहम_काका (नौपाडा) · शनिवार, ९.४५

क्रम सांगतो. मधली पायरी गाळू नका, गाळलेल्या पायरीतच दोष सापडतो असा या कामाचा स्वभाव आहे.

आधी टाकीत पाच लिटर पेट्रोल टाका. सीएनजीच्या गाडीत काट्यावर विश्वास नको. काटा हलवणारा टाकीतला फ्लोट (तरंगणारा भाग) महिनोन्‌महिने एकाच जागी बसून राहतो आणि पट्टीवर तिथेच घासून खोटं दाखवतो.

मग पेट्रोलचं झाकण उघडून तिथे कान लावा आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. आधी नुसती ऑन, नंतर सेल्फ मारताना. काही गाड्यांत ऑनला पंप फिरतच नाही, सेल्फ मारतानाच फिरतो. म्हणून दोन्ही वेळा ऐकायचं.

मग फ्यूज. उपटून उजेडात धरून बघू नका, केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही. फ्यूज जागेवर ठेवून त्याच्या पाठीवरच्या दोन्ही उघड्या टोकांना टेस्ट लॅम्प लावा, चावी ऑन ठेवून. एका टोकाला पेटतो आणि दुसऱ्याला नाही, तर फ्यूज गेला. दोन्हीकडे पेटत नसेल तर फ्यूजपर्यंत करंटच येत नाहीये, मग मागे जायचं: मेन रिले (रिले म्हणजे करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच), इग्निशन स्विच.

मग रिले. चार पायांचा असेल तर पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. त्याच बॉक्समध्ये हॉर्नचा किंवा फॅनचा रिले त्याच नंबरचा असला तर अदलाबदल करून बघा. रिले 'टिक' करतो म्हणजे चांगला, हा गैरसमज. टिक कॉइलची असते, आतला काळा पडलेला पॉइंट करंट सोडतोच असं नाही.

खाडीकाठ · शनिवार, ११.२०

पाच लिटर टाकलं, फरक नाही. ऑनला आणि सेल्फ मारताना, दोन्ही वेळा शांतता. फ्यूज १५ अँपियर, दोन्ही टोकांना लॅम्प पेटतो. रिले हॉर्नच्या रिलेशी बदलला: हॉर्न वाजतो, पंप नाही.

सीएनजी_ऐरोली · शनिवार, ११.३५

किटचं काय? फिटरने पंपाची वायर कापून मधे स्वतःचा रिले टाकलाय का ते आधी बघा. काही फिटर गॅसवर असताना पंप बंद राहावा म्हणून असं करतात. हेतू चांगला, पण जोड नुसता पिळून वर काळी टेप, आणि दोन पावसाळ्यांत टेपचा गोंद वितळून आत हिरवा गंज. बाहेरून बसवलेल्या अलार्मचंही तेच, तोही पंपाच्याच वायरीत कट घेतो. डॅशखाली किंवा बोनेटमध्ये कंपनीच्या हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाहेरची, वेगळ्याच रंगाची वायर दिसली की तिच्यामागे जा.

गाडी हलवायचीच झाली तर बऱ्याच सिक्वेन्शियल किटमध्ये चेंजओव्हरचं (पेट्रोल-गॅस बदलायचं) बटण दाबून धरून चावी ऑन केली की थेट गॅसवर स्टार्ट होते. आणीबाणीपुरतं. रोज करू नका, गॅसचं प्रेशर उतरवणारा रेग्युलेटर थंड असताना गोठतो.

वायरीला हात लावण्याआधी सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद.

पंपबदलू · शनिवार, १२.०५

एवढा अभ्यास कशाला? टाकीला खालून दोन दणके द्या. चालला तर पंप गेलाय, नाही चालला तरी पंपच गेलाय. अर्ध्या तासाचं काम आहे.

ओहम_काका · शनिवार, १२.३०

दणका निदानासाठी ठीक आहे. पंपाच्या मोटरला कार्बनचे ब्रश असतात, ते झिजले किंवा रोटर अडकला की टिचकीने सुटतो. पण टिचकीला न हललेल्या पंपाला करंट मिळत होता की नाही, हे दणका सांगत नाही. करंट न मिळणारा चांगला पंप काढून तिथे नवा बसवला तर तोही गप्पच राहणार, आणि इलेक्ट्रिकल माल दुकानदार परत घेत नाही.

@खाडीकाठ, आता पंपाच्या कपलरवर (वायरींच्या जोडावर) चला. सँट्रोचं एक सुख म्हणजे मागचं बसायचं सीट उचललं की खाली पत्र्याचं झाकण असतं, टाकी उतरवावी लागत नाही. झाकणाखाली कपलर. त्यात दोन जाड वायरी पंपाच्या, बारीक वायरी काट्याच्या. बारीकवर चुकूनही थेट १२ व्होल्ट देऊ नका, आतली पट्टी जळेल.

सगळेजण इथे एकच चूक करतात: कपलर सोडतात, मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसले की म्हणतात 'करंट येतोय, पंप गेला'. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. एका तारेवर लटकलेली वायरसुद्धा त्याला १२ व्होल्ट दाखवते. पंपाला चार-पाच अँपियर लागतात, ती वायर तेवढं देऊ शकते का हा प्रश्न आहे. म्हणून कपलर जोडलेला ठेवून, मागच्या बाजूने वायरीच्या कडेने टाचणी सरकवून, पंप ओढत असताना मोजायचं.

ऑनला मिळणारे दोन सेकंद मोजायला पुरत नाहीत. रिले काढा आणि त्याच्या सॉकेटमध्ये ३० आणि ८७ या दोन भोकांत जंपर (जोडवायरीचा तुकडा) टाका, जंपरमध्ये १५ अँपियरचा फ्यूज हवाच. ८५ किंवा ८६ मध्ये जंपर गेला तर ईसीएमचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) ड्रायव्हर उडेल आणि पंपाच्या कितीतरी पट भुर्दंड बसेल. खात्री नसेल तर आधी टेस्ट लॅम्पने ३० नंबर ओळखा: तिथे थेट बॅटरीचा किंवा चावी ऑनचा करंट असतो.

तीन मापं हवीत. पंपाच्या दोन जाड वायरींमध्ये किती. बॅटरी प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत किती. पंपाच्या मायनसपासून बॅटरी मायनसपर्यंत किती. तिन्हींची बेरीज बॅटरीच्या व्होल्टेजएवढी आली नाही तर मोजणीत चूक आहे.

आणि हे सगळं उघड्यावर. पोडियमच्या खालच्या पार्किंगमध्ये किंवा बेसमेंटमध्ये नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते. एक किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर हाताशी ठेवा.

मामा_८०० (कळवा) · शनिवार, १.१५

मारुती ८०० कार्ब्युरेटरवाली आहे, पंप आवाज करत नाही. हेच सगळं लागू का?

ओहम_काका · शनिवार, १.२०

नाही. तुमचा पंप इंजिनवर आहे, कॅमशाफ्टने हलणारा पडद्याचा. त्याला वायरच नाही. कार्ब्युरेटरकडचा पाइप सोडून बाटलीत धरा, कॉइलची वायर काढून सेल्फ मारा. ठोक्याठोक्याने पिचकारी आली तर पंप ठीक.

खाडीकाठ · शनिवार, ५.४०

मोजलं. कपलर सोडून: १२.३. कपलर जोडून, जंपर लावून:
बॅटरी १२.४
पंपाच्या दोन वायरींत ६.८
प्लसच्या बाजूला ०.९
मायनसच्या बाजूला ४.७
पंप अजिबात हलत नाही, नुसता हलका 'हंऽऽ'. फ्यूजच्या जागी मीटर लावून करंट घेतला, ९ अँपियर. कपलरच्या मायनस पिनभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडून थोडं वितळलंय. डॅशखाली फिटरचा रिले नाही, हार्नेस सलग आहे.

ओहम_काका · शनिवार, ६.२५

आता गंमत बघा. बेरीज बरोबर १२.४, म्हणजे मापं खरी. प्लसच्या बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडू नये, तुमचे ०.९, म्हणजे तिथे थोडी मळमळ. मायनसला ०.२-०.३ चालतात, तुमचे ४.७. ते ४.७ गुणिले ९, म्हणजे ४२ वॅट अर्थिंगच्या वाटेत कुठेतरी उष्णता होऊन जातायत. मोबाइल दुरुस्तीवाल्याचा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. पिनभोवतीचं प्लास्टिक का वितळलं ते कळलं.

पण दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ६.८ व्होल्टवर ९ अँपियर ओढणारा पंप फिरत नाहीये, अडकलाय. फिरणारा पंप याच्या अर्ध्यावर असतो. तुमच्याकडे दोन दोष आहेत आणि एकाने दुसरा झाकलाय. अर्थिंग नीट केल्याकेल्या फ्यूज उडाला तर दचकू नका.

आधी अर्थिंग. कपलरपासून मायनसची वायर बॉडीला जिथे बोल्टने बांधलीय तिथपर्यंत जा, कार्पेट उचलावं लागेल. कार्पेटखालचा फेल्ट ओला आहे का तेही बघा.

तीनहातनाका · शनिवार, ७.००

पंप मीटरमधून मोजताना एक सूचना: साध्या मीटरचं १० अँपियरचं सॉकेट थोडा वेळच सहन करतं, दहा-पंधरा सेकंदांच्या वर ठेवू नका. क्लॅम्प मीटर वापरणार असाल तर डीसी मोजणारा हवा. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडचा क्लॅम्प बहुतेक वेळा फक्त एसी मोजतो, पंपाच्या वायरीवर शून्य दाखवेल आणि तुम्ही 'पंप ओपन आहे', म्हणजे आतून तुटलाय, म्हणून बसाल.

पाठीमागे_बसलेला (घणसोली) · शनिवार, ८.१०

उंदीर विसरू नका. सीटखालच्या वायरी कुरतडलेल्या पुष्कळ निघतात, विशेषतः पार्किंग नाल्याच्या किंवा कचऱ्याच्या डब्यांच्या बाजूला असेल तर. कार्पेटखाली लेंड्या किंवा कापसाचे बोळे दिसले तर हार्नेस पूर्ण लांबीचा हाताने चाचपा.

खाडीकाठ · रविवार, १०.३०

सापडलं. बोल्टखालचा लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) काळा-हिरवा, बोटाने ओढला तर वायर लगसकट हातात. फेल्ट ओला नाही पण पांढरी खारट बुरशी. लग कापून टाकला, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, नवीन लग क्रिंप करून सोल्डर केला, दातेरी वॉशर घातला, वरून व्हॅसलीन. वितळलेल्या कपलरच्या जागी नवा शेपटीसकट कपलर जोडला, जोडांवर श्रिंक ट्यूब. प्लसची पिनही त्यात नवी आली.

चावी ऑन केली आणि फट्! १५ चा फ्यूज गेला. काका, तुम्ही सांगितलं होतं तसंच.

पंपबदलू · रविवार, १०.४०

२५ चा टाका, अडकलेला पंप जोर मिळाला की सुटतो.

ओहम_काका · रविवार, १०.४४

अजिबात नाही. फ्यूज पंपासाठी नसतो, वायरीसाठी असतो. ती वायर पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावरून जाते.

@खाडीकाठ, खराब अर्थिंग हीच तुमच्या फ्यूजची ढाल होती. ती गेल्यावर अडकलेल्या मोटरला पूर्ण १२ व्होल्ट मिळाले आणि १५ च्या वर गेली. आता मात्र टाकीला रबरी हातोडीने खालून टिचक्या मारायला हरकत नाही. लोखंडी हातोडी नको. नवा १५ चा फ्यूज, एकजण चावीवर, दुसरा टाकीखाली, चार-पाच टिचक्या. सुटला तर लगेच करंट आणि प्रेशर घ्या. दर मिनिटाला वाढत जाणारा करंट असेल तर नंतर बघू म्हणू नका.

मूकवाचक (खारघर) · रविवार, ११.१५

बाजूचा प्रश्न. माझी १९९८ सालच्या मॉडेलची होंडा सिटी. दुपारी उन्हात उभी राहिली की पंप बोलत नाही, संध्याकाळी बोलतो. हेच का?

तीनहातनाका · रविवार, ११.४०

तुमचा रोग वेगळा आणि प्रसिद्ध. त्या होंडांचा मेन रिले डॅशखाली असतो, त्याच्या आतल्या सर्किट बोर्डावरच्या सोल्डरला पायांभोवती गोल चीर पडते. केबिन तापली की पाय आणि सोल्डर सुटतात, गार झाली की जुळतात. रिलेची टोपी काढून भिंगाने बघा, पायाभोवती कंकण दिसेल. जुनं सोल्डर शोषून काढून नवं घाला, सगळ्या पायांना. वरून नुसतं तापवलं तर चीर परत येते. उन्हात बंद पडते तेव्हा खिडक्या उघड्या ठेवून वीस मिनिटांनी चालू होते का, हा खात्रीचा प्रयोग.

आणि फोर्ड आयकॉन, फियाट पालिओवाल्यांसाठी: तुमच्या गाड्यांत धक्का बसला की पंप तोडणारं एक बटण असतं. अपघातासाठी आहे, पण घोडबंदर रोडच्या एका खड्ड्यानेही ते उडू शकतं. पंप गप्प झाला तर पुस्तिकेत जागा बघा, पेट्रोल गळत नाही याची खात्री करा, बटण दाबा.

खाडीकाठ · रविवार, १.२०

तिसऱ्या टिचकीला सुटला! इंजिन चालू झालं. करंट ८.२ अँपियर आणि पाच मिनिटांत ८.९. आवाज घरघरीचा. तुर्भ्याच्या गॅरेजचा गेज लावला तर प्रेशर १.९ बार. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की १.४ ला जातं आणि गाडी गुदमरते.

ओहम_काका · रविवार, २.०५

या पिढीच्या एमपीएफआयला (इंजेक्शनवाल्या पेट्रोल इंजिनाला) साधारण ३ ते ३.५ बार लागतात, नेमका आकडा मॅन्युअलचा घ्या. करंट जास्त आणि प्रेशर कमी, म्हणजे मोटर आतून घासतेय. करंट कमी आणि प्रेशर कमी असतं तर मी पंपाच्या तोंडाची चोंदलेली जाळी किंवा फुटलेला होज (रबरी नळी) म्हटलं असतं. आता पंप बदला, आता तो पुराव्यानिशी दोषी आहे.

बदलताना: टाकी अर्ध्याखाली असू द्या. फ्यूज काढून सेल्फ मारून लाइनचं प्रेशर उतरवा, मग बॅटरीचा मायनस काढा. झाकण उघडण्याआधी सीटखालची धूळ ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ. एक चमचा वाळू टाकीत पडली तर नवी जाळी महिन्याभरात चोंदेल. पंपासोबत जाळी आणि ओ-रिंग नवीच. जुनी ओ-रिंग पेट्रोलमध्ये फुगलेली असते, खाचेत परत बसत नाही, आणि इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबराला आणखी फुगवतं. मॉड्यूलच्या (पंप बसतो त्या सांगाड्याच्या) आतला छोटा होज बदलायचा असेल तर टाकीत बुडणारा जे३० आर१० दर्जाचा मागा. बाहेरचा साधा फ्युएल होज आतून पेट्रोल सोसतो, बाहेरून नाही. टाकीत बुडवला की लिबलिबीत होतो आणि प्रेशर आतल्याआत गळतं.

वायरी उलट जोडल्या तरी मोटर फिरते, पण उलटी. आवाज येतो आणि प्रेशर येत नाही. नव्या पंपावर प्लसची खूण बघा. आणि बाहेर, टेबलावर 'चालतो का बघू' म्हणून कोरडा फिरवू नका. त्याचं वंगण आणि त्याचा गारवा दोन्ही पेट्रोल आहे.

सीएनजी_ऐरोली · रविवार, २.३०

शेवटचं वाक्यच या गाडीचं कारण आहे. सीएनजीवर पळवताना बऱ्याच किटमध्ये पंप फिरतच राहतो. टाकीत दोन लिटर, त्यात वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं की पंप हवा ओढतो आणि तापतो. वर महिनोन्‌महिने पडून राहिलेलं पेट्रोल. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, खाडीकाठच्या दमट हवेत जास्तच. फेब्रुवारी २०२३ पासून ई२० विकायला सुरुवात झाल्यावर हे दुखणं वाढलं, कारण त्यात एक पंचमांश इथेनॉल. जुन्या पेट्रोलचा वास रंगाच्या डब्यासारखा येतो, तो आला तर टाकी रिकामी करा. नव्या पंपाला नवं पेट्रोल द्या. यापुढे पाव टाकी, म्हणजे आठ-नऊ लिटर, कायम ठेवा आणि आठवड्यातून एकदा पामबीचवर दहा किलोमीटर पेट्रोलवर पळवा.

मूकवाचक · रविवार, ३.१०

पंप ऑनलाइन घेऊ का दुकानातून? आणि जुना, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा?

तीनहातनाका · रविवार, ३.२५

जुना पंप नको. लाइट, दरवाजे, आरसे तिथून घ्यावेत, झिजणारी मोटर नाही. नवा घेताना जुना हातात घेऊन जा: बाहेरचा व्यास, नळीची जागा, कपलरच्या पिना जुळल्या पाहिजेत. नावाजलेल्या कंपनीसारखा डबा असलेले नकली पंप बाजारात आहेत. बॉडीवर नंबर कोरलेला आहे की नुसता स्टिकर ते बघा, आणि वजनाला हलका वाटला तर बाजूला ठेवा.

खाडीकाठ · बुधवार, रात्री ९.३०

नवा पंप, जाळी, ओ-रिंग बसवली. टाकीतून चार लिटर तपकिरी पेट्रोल काढलं. चावी ऑन: घुंईऽऽ आणि दोन सेकंदांनी बंद. करंट ४.१ अँपियर, प्रेशर ३.३ बार, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी २.९. पंपावर ११.८ व्होल्ट, मायनसच्या बाजूला फक्त ०.१.

जुना पंप कापून बघितला. जाळीला पीठ लावल्यासारखा तांबूस थर. आत गंजाची चिकट माती. एक ब्रश नखाएवढा उरलेला, दुसरा त्याच्या अर्धा. रोटरवर निळसर डाग, म्हणजे बराच तापला होता.

ओहम_काका · बुधवार, ९.५०

उत्तम. ते आकडे झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला लागतील. आणि पत्र्याच्या झाकणाखालचं रबरी सील परत लावलं ना? नसेल तर पेट्रोलचा वास केबिनमध्ये आणि पावसाचं पाणी खालून थेट तुमच्या नव्या कपलरवर.

खाडीकाठ · बुधवार, ९.५८

…टेबलावर आहे. सीट परत काढतो.